चरबी गोठविण्याचा उपचार आणि हाडांचे रुग्ण

(भोपाळ येथील मराठी भाषिक नागरिकांपुढे दिलेल्या भाषणाचा पाठ)



भोपाळ शहराला मराठी माणूस नवखा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला. त्या वेळी सरकारी दप्तरांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही नागपूरहून या तळ्यांच्या शहरी येऊन स्थिरावली. त्या पिढीतील जी वडीलधारी मंडळी आज हयात आहेत त्यांनी ऐंशी-नव्वदी गाठली आहे आणि त्यांची मुलेही साठीच्या पुढे गेली आहेत. गुडघ्याची झीज, मणक्यातील अंतर, पाय घसरून मोडलेले खुब्याचे हाड हे विषय या घरांतून हवापाण्याइतकेच नित्याचे झाले आहेत. त्यातच पोट सुटलेले असते. डॉक्टर वजन कमी करा म्हणतात, पण दुखऱ्या पायांनी चालणे होत नाही. अशा वेळी ‘शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, तासाभरात चरबी गोठवा’ अशी जाहिरात नजरेस पडली, तर मन तिकडे ओढले जावे हे स्वाभाविकच होय.

प्रश्न असा की, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, सांधे झिजले आहेत अथवा ज्यांच्या अंगात धातूची सळई वा पट्टी बसविलेली आहे, त्यांनी हा उपचार घेणे सुरक्षित आहे काय? जाहिरात याचे उत्तर एका शब्दात ‘होय’ असे देते. शेजारीपाजारी तितक्याच घाईने ‘नाही, थंडी हाडात शिरते’ असे सांगतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या उपचारातील थंडी हाडापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. परंतु ज्या रोगामुळे हाड दुखत असते, तो रोग पुष्कळदा रक्तात, नसांत किंवा घेतलेल्या औषधांत दडलेला असतो, आणि तिथवर ही थंडी पोहोचू शकते.

हा उपचार मुळात कसा सुचला, ते प्रथम पाहू. भोपाळात जानेवारी महिन्यात खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजून दगड होते. शेजारच्या तांब्यातील पाणी मात्र पातळच राहते. चरबीचे असेच आहे. पाणी गोठण्याइतकी थंडी पडण्यापूर्वीच तिचे कण घट्ट होऊ लागतात. १९७० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका तान्ह्या बालकाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. बर्फाची कांडी चोखल्याने त्या बालकाच्या गालातील चरबी सुजून कडक झाली होती. वरच्या कातडीला मात्र मोठी इजा नव्हती. पुढे १९८० मध्ये कडाक्याच्या थंडीत तंग विजारी घालून घोडेस्वारी करणाऱ्या स्त्रियांच्या मांड्यांवर अशाच गाठी आल्याची नोंद झाली. कातडी, स्नायू आणि नसा यांच्या आधी चरबीला थंडी बाधते, हे या दोन्ही निरीक्षणांतून ध्यानात आले. त्याच सूत्रावर बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील डॉ. डीटर मॅनस्टाइन आणि डॉ. रॉक्स अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर प्रयोग केले व २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कमरेच्या बाजूंसाठी, २०१२ मध्ये पोटासाठी आणि २०१४ मध्ये मांड्यांसाठी या यंत्रास मान्यता दिली. वैद्यकशास्त्रात या उपचारास ‘क्रायोलिपोलिसिस’ असे नाव आहे.

यंत्राची कृती फार गूढ नाही. कातडीला जेल लावलेले एक ओले आवरण घालतात. त्यावर पेल्यासारखे एक साधन बसवून हवेच्या ओढीने चरबीची वळी त्यात खेचून घेतात आणि दोन्ही बाजूंच्या थंड पट्ट्यांमध्ये पाऊण ते एक तास धरून ठेवतात. नंतर ती जागा दोनएक मिनिटे जोराने चोळतात. थंडीने दुखावलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. त्या हळूहळू मरतात आणि शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी दोन-तीन महिन्यांत त्यांची विल्हेवाट लावतात. एका वेळच्या उपचाराने त्या जागेच्या चरबीचा थर सुमारे वीस ते पंचवीस टक्के पातळ होतो. ही टक्केवारी त्या वळीची आहे, सबंध शरीराची नव्हे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता हाडांकडे वळू. चरबीची वळी पेल्यात ओढली गेली म्हणजे ती खालच्या स्नायूंपासून आणि हाडापासून दूर उचलली जाते. थंडी त्या वळीपुरतीच राहते, आणि खालच्या भागात उष्ण रक्त खेळत असल्याने तो भाग थंड पडत नाही. म्हणून ज्याची हाडे केवळ वयोमानाने विरळ झाली आहेत आणि ज्याला दुसरा कोणताही विकार नाही, अशा माणसाच्या हाडाची घनता या उपचाराने घटण्याचे कारण दिसत नाही. ‘थंडी हाडात शिरते’ ही म्हण पौषातल्या पहाटेपुरती ठीक आहे. येथे ती लागू पडत नाही.

मात्र एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. हाडे फारच ठिसूळ झालेल्या व्यक्तीचा मणका नुसते वाकून बादली उचलल्यानेही दबू शकतो. अशा व्यक्तीला उंच अरुंद मेजावर चढविणे, कुशीवर वळवून तासभर एकाच स्थितीत ठेवणे आणि शेवटी बरगड्यांलगत जोराने चोळणे यात धोका आहे, आणि तो थंडीचा नसून हाताळणीचा आहे. कृश वृद्ध स्त्रीच्या बरगडीवर वा कमरेच्या हाडावर चरबीची जाड वळीच नसते. तेथे पेला बसविण्याचा अट्टहास करणे अयोग्य होय. ज्या जागी अस्थिभंगानंतर पट्टी, स्क्रू वा कृत्रिम सांधा बसविला आहे, त्या जागेवर वा तिच्या अगदी लगत हा उपचार करू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाची अनुमती घेतल्यावाचून तर नाहीच. नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेचा व्रण, हर्निया, आणि छातीत बसविलेला पेसमेकर यांविषयीही आधीच सांगणे आवश्यक असते.

झाबुआ, धार, मंडला या जिल्ह्यांत, तसेच महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ व नांदेडच्या काही गावांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे जड व पाठ ताठ झालेले लोक आढळतात. त्यांच्या हाडांची घनता क्ष-किरणात वाढलेली दिसली, तरी ते हाड बळकट नसते, आणि ताठलेल्या मणक्यात नसा दाबल्या गेल्या तर पाय बधिर होतात. बधिरपणाचा हा मुद्दा केवळ फ्लोराइडग्रस्तांपुरता नाही. मणक्याची गादी सरकून मांडीत झिणझिण्या येणारे, मधुमेहामुळे संवेदना मंदावलेले, नागीण होऊन गेल्यावर ज्यांची नस अजून ठणकते असे, या सर्वांना हीच गोष्ट लागू आहे. निरोगी माणसाला थंडी असह्य झाली, तर तो ओरडतो आणि यंत्र बंद होते. ज्याची कातडी बधिर आहे, त्याला काही कळत नाही. आणि कळेपर्यंत कातडी भाजल्यासारखी होऊन फोड आलेला असतो. निकृष्ट यंत्र किंवा मध्येच फाटलेले आवरण यामुळे अशा हिमदाहाच्या जखमा झाल्याच्या नोंदी आहेत. उपचारानंतर निरोगी माणसालाही त्या जागी काही आठवडे बधिरपणा राहतो. ज्याच्या मांडीत आधीपासूनच झिणझिण्या आहेत, त्याच्या बाबतीत जुने लक्षण कोणते आणि नवे कोणते, हे पुढे तज्ज्ञालाही सांगता येणे कठीण होते.

यापेक्षाही गंभीर बाब रक्ताची आहे, आणि तीच या विषयाचा गाभा होय. थंडीत रक्तातील काही प्रथिने साकळतात, असा एक विकार आहे. त्यास ‘क्रायोग्लोब्युलिनेमिया’ म्हणतात. आणखी एका विकारात थंडीने तांबड्या पेशी एकमेकींस चिकटतात, तर तिसऱ्यात थंडी लागताच त्या फुटून लघवी काळपट होते. या तिन्ही विकारांत चरबी गोठविण्याचा उपचार स्पष्टपणे वर्ज्य आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात हा निषेध छापलेला असतो. अशा रुग्णाचा तो भाग तासभर थंड केला, तर बारीक रक्तवाहिन्या तुंबून कातडी काळी पडू शकते आणि आतील अवयवांनाही बाध येऊ शकतो.

हे विकार दुर्मिळ आहेत, मग हाडांच्या रुग्णाने त्यांची चिंता का करावी? कारण त्यांतील एकाचा उगम पुष्कळदा हाडांच्या पोटातच असतो. अस्थिमज्जेतील विशिष्ट पेशींचा ‘मल्टिपल मायलोमा’ नावाचा कर्करोग आहे. उतारवयात पाठ दुखणे, बरगड्या दुखणे, रक्त कमी होणे, किरकोळ धक्क्याने हाड मोडणे अशी त्याची लक्षणे असतात, आणि ‘वय झाले, हाडे झिजली’ असे म्हणून ती महिनोन्महिने अंगावर काढली जातात. या रोगात रक्तात एकाच जातीचे प्रथिन वाजवीपेक्षा फार वाढते, आणि काही रुग्णांत ते नेमके थंडीने साकळणारे असते. संधिवाताच्या काही जातींत व ‘हिपॅटायटिस सी’ या यकृताच्या संसर्गातही रक्तात अशी प्रथिने आढळतात. म्हणजे सौंदर्योपचार केंद्राच्या दारात उभी असलेली पाठदुखीची रुग्ण केवळ ‘हाडे ठिसूळ’ असलेली आहे की तिच्या पाठदुखीमागे रक्ताचा रोग आहे, हे आधी कळले पाहिजे. ते शोधण्याचे काम केंद्रातील मदतनिसाचे नव्हे. ते हमीदिया रुग्णालयातील किंवा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्याचे आहे.

तपासणी फार खर्चाची नसते. हिमोग्लोबिन, रक्त खाली बसण्याचा वेग, मूत्रपिंडाची तपासणी, कॅल्शियम आणि रक्तातील प्रथिनांची चाचणी यांतून संशयाचा निवाडा बहुतांशी होतो. थंडीने साकळणाऱ्या प्रथिनांची चाचणी करावयाची असेल, तर मात्र एक पथ्य आहे. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचून त्यातील पाणी वेगळे होईपर्यंत अंगाच्या उष्णतेइतका, म्हणजे ३७ अंशांवर, ठेवावा लागतो. नमुना वाटेत गार झाला, तर ती प्रथिने नळीतच साकळून तळाशी जातात आणि रोग असूनही अहवाल ‘नाही’ असा येतो. खेड्यातून बर्फाच्या डब्यात पाठविलेल्या नमुन्याचा अहवाल या बाबतीत निरुपयोगी होय.

घरच्या घरी ध्यानात येण्याजोग्या खुणाही आहेत. थंड पाण्यात भांडी घासताना बोटे पांढरी पडून मग निळसर होतात काय? गार वारा लागताच अंगावर गांधी उठतात काय? हिवाळ्यात पायांवर जांभळे ठिपके येतात काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर वैद्याने तपासल्यावाचून हा उपचार घेऊ नये.

मध्य प्रदेश आणि विदर्भ यांच्या सीमेवर राहणाऱ्या बांधवांसाठी आणखी एका रोगाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा या जिल्ह्यांतील आणि पलीकडे नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील आदिवासी व अन्य समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. मध्य भारतातील या विकाराचे वृत्त १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडांत तीव्र कळा येतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते खचते आणि तरुण वयातच माणूस लंगडू लागतो. अंगाला थंडी लागणे हे या कळा सुरू होण्याचे एक प्रसिद्ध कारण आहे. म्हणूनच अशा रुग्णांना गार पाण्यात पोहू नका, थंडीत उबदार कपडे घाला, असे सांगतात. तेव्हा यंत्राच्या माहितीपत्रकात या रोगाचे नाव असो वा नसो, सिकलसेलच्या रुग्णाने शरीराचा कोणताही भाग तासभर गोठवून घेऊ नये. जो केवळ वाहक आहे, त्याची गोष्ट निराळी. परंतु आपण रुग्ण की वाहक हे तपासणी करूनच समजते. मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते व तपासणीचे कार्ड मिळते. शाळेतील शिक्षकांनी खुब्याच्या दुखण्याने लंगडणाऱ्या मुला-मुलींकडे या दृष्टीनेही पाहावे.

भोपाळच्या संदर्भात एका औषधाविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येणार नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला, आणि जे त्यातून वाचले त्यांच्यापैकी कित्येकांना श्वसनाचे जुनाट विकार जडले. दम्यासारख्या विकारांत, तसेच संधिवातात, स्टेरॉइड वर्गाची औषधे कधी कधी द्यावीच लागतात आणि त्यांनी प्राणही वाचतात. परंतु ही औषधे गोळ्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे घेतली म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चेहरा, मान व पोट यांवर चरबी चढते, हातपाय मात्र बारीक होतात. आणि त्याच वेळी हाडे आतून पोखरली जातात. गावोगावी ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते. घेणाऱ्यास बिचाऱ्यास वाटते की जडीबुटीचा गुण आला.

अशी सुटलेल्या पोटाची, बारीक दंडांची, कण्हत चालणारी व्यक्ती चरबी गोठविण्यासाठी आली, तर तिची चरबी आणि तिची हाडे यांचे दुखणे एकच आहे, हे ओळखणे प्रामाणिक वैद्याचे काम होय. तिची चरबी गोठविली, तर पोटाची वळी थोडी उतरेल, पण गोळी चालू असेल तोवर हाडाचा ऱ्हास चालूच राहील. एक सूचना येथे ठळकपणे केली पाहिजे : स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत; त्यामुळे जिवावर बेतू शकते. मात्रा उतरविणे, हाडांसाठी कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व व अन्य औषधे देणे, हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करणे, हे सारे वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

आता त्या आशेचा विचार करू, जी गुडघेदुखीच्या रुग्णाला या उपचाराकडे खेचून नेते. ‘पोट उतरले की गुडघ्यावरचा भार उतरेल’ हा हिशेब वरकरणी बरोबर वाटतो. त्यात एक मोठी चूक आहे. अमेरिकेत २००५ मध्ये गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर व्यक्तींचा अभ्यास झाला, त्यात असे दिसले की वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. म्हणजे पाच किलो वजन उतरणे हे गुडघ्याला वीस किलोंचे ओझे उतरल्यासारखे आहे. परंतु चरबी गोठविण्याने वजन उतरतच नाही, असे म्हटले तरी चालेल. एका वळीचा थर पाव हिश्शाने पातळ झाला, तरी वजनकाट्याचा काटा जागचा हलल्यासारखा दिसत नाही. हा वजन घटविण्याचा उपचार नव्हे, असे तो करणाऱ्या कंपन्याही लेखी सांगतात. जाहिरातीत मात्र ते अक्षर बारीक होते.

शिवाय चिमटीत धरता येते तीच चरबी या यंत्राच्या पेल्यात येते. आतड्यांभोवतीची, यकृतातील चरबी, जिच्यामुळे मधुमेह व हृदयविकार जवळ येतात, ती पोटाच्या स्नायूंच्या पलीकडे असते आणि यंत्र तिला स्पर्शही करीत नाही. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक झाला, की आतल्या या चरबीची काळजी करावी, असा संकेत आहे. ती उतरविण्यास आहार आणि हालचाल यांवाचून उपाय नाही. ज्याला चालवत नाही, त्याने खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजावेत, भिंतीला धरून उठबस करावी, शक्य असल्यास पाण्यात चालावे. उपासमार करून झपाट्याने वजन उतरविणेही हाडांना घातक आहे. त्यात चरबीबरोबर स्नायू आणि हाडही झिजते. साठीच्या पुढच्या सडपातळ स्त्रीने तर केवळ पोटाची घडी दिसते म्हणून जेवण तोडू नये.

या उपचाराचा एक उलटा परिणामही सांगण्याजोगा आहे. काही थोड्या व्यक्तींत गोठविलेली चरबी विरघळण्याऐवजी काही महिन्यांनी वाढते आणि पेल्याच्या आकाराची टणक गाठ उभी राहते. २०१४ मध्ये या परिणामाचे वृत्त प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा तो सुमारे वीस हजारांत एकदा होतो असा अंदाज होता. नंतरच्या अहवालांत प्रमाण त्याहून बरेच अधिक निघाले. कॅनडातील ख्यातनाम मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच्या बाबतीत असे घडल्याचे जाहीर केले व यंत्राच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. २०२२ मध्ये त्यात तडजोड झाली. ही गाठ आपोआप जात नाही. ती काढण्यास शस्त्रक्रिया करावी लागते, आणि शस्त्रक्रिया टाळण्यासाठीच तर माणूस येथे आलेला असतो. ज्याला हाडांच्या दुखण्यामुळे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे किंवा फुप्फुसांच्या अशक्तपणामुळे भूल देणेच जोखमीचे आहे, त्याच्यासाठी ‘विनाशस्त्रक्रिया’ या शब्दाचे मोल मग काय उरते, याचा विचार पैसे भरण्यापूर्वी करावा.

कायद्याने नागरिकास काही साधने दिली आहेत. उपचार करणारा वैद्य नोंदणीकृत आहे किंवा नाही हे मध्य प्रदेशात भोपाळ येथील मध्य प्रदेश वैद्यकीय परिषदेकडे व महाराष्ट्रात मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पाहता येते. मध्य प्रदेशात रुग्णालये व उपचारगृहे यांच्या नोंदणीसाठी १९७३ चा स्वतंत्र अधिनियम आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. वैद्यकीय उपकरणे २०१७ च्या नियमांखाली येतात, त्यामुळे यंत्राच्या उत्पादनाचा वा आयातीचा परवाना आहे काय, हेही विचारता येते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत लठ्ठपणाचे नाव आहे, ही गोष्ट जाहिरातदारांपेक्षा अधिकाऱ्यांनी अधिक ध्यानात ठेवावी. सौंदर्योपचार आयुष्मान भारत योजनेत येत नाहीत, म्हणजे सारा खर्च पदरचा. उलट ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न ठेवता, या योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे, आणि हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया त्यात बसतात. ज्या घरात आजोबांचे कार्ड अद्याप काढलेले नाही, तेथे चरबीच्या उपचाराचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ते काढून घेणे शहाणपणाचे.

उपचार घ्यावयाचाच असे ठरले, तर केंद्रात जाताना घेत असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी, जुने क्ष-किरण फोटो, अस्थिरोगतज्ज्ञाचे पत्र आणि रक्ताचे अहवाल बरोबर न्यावेत. हे कागद न पाहताच जो ‘काही होत नाही, झोपा’ म्हणतो, त्याच्याकडे झोपू नये. संमतिपत्र वाचता येईल अशा भाषेत मागावे. त्याची प्रत आणि पैशाची पक्की पावती जपून ठेवावी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे; तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो.

उपचारानंतर कातडी पांढरी वा काळी पडली, फोड आला, वेदना दिवसेंदिवस वाढल्या, लघवीचा रंग काळपट झाला किंवा काही महिन्यांनी त्या जागी टणक उंचवटा दिसू लागला, तर ज्या केंद्रात उपचार झाला तेथेच खेपा घालीत न बसता शासकीय रुग्णालयात दाखवावे. यंत्रामुळे झालेल्या इजेची नोंद करण्यासाठी २०१५ पासून भारत सरकारचा उपकरण-दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे व १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण, नातेवाईक वा डॉक्टर कोणीही कळवू शकतात. कळविताना यंत्राचे नाव, उपचाराची तारीख, शरीराचा भाग आणि रुग्णाच्या हाडांच्या विकाराचे नाव आवर्जून सांगावे.